पहिल्या दिवसाची नोंद

नौपाड्यात गोखले रोडच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी कचेरी आहे. दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि आसपासच्या लहान कारखानदारांची, दुकानदारांची पगारपत्रकं. फंड म्हणजे भविष्य निर्वाह निधी, ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, व्यवसाय कर, हजेरी यांतच माझी तीस वर्षं गेली. मागच्या अंकात ‘माणूस कामावर ठेवणाऱ्यांनी विचारावं’ असं आवाहन केलं होतं. आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत, पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत.

*

*ताई, कळव्याला खारेगावात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. घरातून सुरू केलं, आता गाळा भाड्यानं घेतलाय. चार बायका येतात. दोघी पोळ्या करतात, त्यांना नगावर पैसे देते, पोळीमागे दोन रुपये. एक भाज्या बघते, एक डबे भरून पोचवते, त्या दोघींना महिन्याचा पगार. सगळा व्यवहार रोखीत आणि विश्वासावर. भाचा म्हणतो, मावशी तू आता मालक झालीस, तुला कायदे लागतात. चार बायकांसाठी खरंच काही करावं लागतं का?*

भाचा बरोबर बोलतोय. फंडाला वीस माणसं लागतात, ईएसआयला दहा, त्यामुळे ते दोन्ही तुम्हाला आज नाहीत. पण लोक इथेच थांबतात आणि ‘मला काहीच लागत नाही’ असं धरून चालतात. तसं नाही.

आधी गाळ्याचं. ज्याला आपण अजून गुमास्ता म्हणतो, तो दुकाने व आस्थापना कायदा २०१७ साली नवा झाला. तुमच्याएवढ्या धंद्याला त्यात पूर्वीसारखी नोंदणी करावी लागत नाही, फक्त धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची. तिची पावती छापून भिंतीला लावा. पाटी मराठीत, देवनागरीत हवी, आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी नकोत. खाद्यपदार्थांची नोंदणी केलेली असेलच. नसेल तर हे पत्र वाचून होताच करा, आणि चौघींची वर्षाची आरोग्य तपासणीसुद्धा.

आता खरी गोष्ट, पोळीची. नगावर पैसे देणं बेकायदा नाही. पण नगावर काम करणाऱ्या बाईलाही किमान वेतनाइतकी कमाई झालीच पाहिजे आणि किमान वेतनाला माणसांच्या संख्येची अट नाही. महाराष्ट्रात त्यातला विशेष भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बदलतो. तुम्ही असं करा, एक आठवडा वही घेऊन बसा. बाई किती वाजता आली, कणीक मळायला किती वेळ गेला, पोळ्या किती झाल्या, तवे-परात घासून किती वाजता निघाली, सगळं लिहा. तुम्हाला दिसेल, पोळ्या लाटण्या-भाजण्याचे पैसे तुम्ही देताय. कणीक मळण्याचे, ओटा पुसण्याचे आणि सिलिंडर संपला म्हणून बसून राहिलेल्या अर्ध्या तासाचे कोणीच देत नाहीये. हे तुम्ही मुद्दाम करता असं मी म्हणत नाही. नगाच्या हिशेबात हा वेळ दिसतच नाही. आठवड्याची कमाई भागिले आठवड्याचे तास एवढा एक भागाकार करा आणि किमान वेतनाच्या ताशी दराशी लावून बघा. कमी भरत असेल तर पोळीचा दर वाढवा, नाहीतर मळणी-सफाईचा वेगळा रोज ठरवा. माझ्या ओळखीच्या एका केंद्रात दुसरा मार्ग निघाला. तिथे सकाळचा पहिला तास ठरलेल्या पैशांवर आणि पुढचं नगावर. बायकांनाही ते पटलं, कारण ऑर्डर कमी असलेल्या दिवशी हात रिकामे जात नाहीत.

तुमचा स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तो भरा. बायकांच्या पगारातून मात्र कापू नका. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर नाही. उद्या डबे पोचवायला पुरुष ठेवलात तर त्याला साडेसात हजारांच्या वर कर सुरू होतो आणि मग मालक म्हणून तुम्हाला वेगळा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

आणि पाचवी बाई आली की कामगार कल्याण निधी लागतो, हे पक्कं लक्षात ठेवा. ही रक्कम इतकी लहान आहे की पुष्कळांना ती आठवतही नाही. सहा महिन्यांनी एकदा, जूनला आणि डिसेंबरला, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५.

विश्वासाबद्दल. तुमचा बायकांवर आणि त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे, तो मोलाचा आहे. तरी एक दोनशे पानी वही आणा. नाव, पत्ता, आधारची नक्कल, कामावर आल्याची तारीख, ठरलेला दर, आणि घरी कळवायचं झालं तर कोणाला. रोजची हजेरी, महिन्याचा पगार, उचल घेतली असेल तर ती, आणि समोर त्यांची सही. पगार सात तारखेच्या आत, जमेल तितका बँकेत. बायको काय कमावते हे नवऱ्याला कळू नये म्हणून रोख मागणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांची अडचण खरी असते. तिथे सही घेऊन रोख द्या, पण नोंद सोडू नका. आणि चौघींचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा त्यांच्या बँक खात्यातून सुरू करून द्या. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. उकळत्या तेलाशेजारी उभ्या राहणाऱ्या बाईचे हे वीस रुपये तुम्ही भरलेत तर बिघडणार नाही.

*

*रबाळे एमआयडीसीत माझं शीट मेटलचं वर्कशॉप आहे. माझ्या पगारपत्रकावर नऊ जण, ठेकेदाराचे सहा, शिवाय तीन मुलं ‘ट्रेनी’ म्हणून. नवी ऑर्डर आली आहे, आणखी चार माणसं हवीत. नऊच असल्यामुळे ईएसआय काढलेलं नाही. एकानं सल्ला दिला की पत्नीच्या नावानं दुसरी फर्म काढ, माणसं दोन्हीकडे वाटून टाक, म्हणजे फंडही लागणार नाही. शिवाय माणसंच म्हणतात, शेठ काही कापू नका, हातात द्या. तुमचं मत काय?*

माझं मत तुम्हाला आवडणार नाही, पण दादा, शांतपणे वाचा.

तुमच्याकडे नऊ माणसं नाहीत, अठरा आहेत. मोजताना तुमच्या छताखाली तुमचं काम करणारे सगळे मोजतात. ठेकेदाराचे सहा धरूनच पंधरा झाले. ‘ट्रेनी’ तेव्हाच वेगळे, जेव्हा शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली त्यांचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो. नुसतं हजेरीपटावर ट्रेनी लिहून कोणी शिकाऊ होत नाही. म्हणजे ईएसआय तुम्हाला दहावा माणूस मशीनवर उभा राहिला त्या दिवसापासून लागू आहे, आणि नवी चार माणसं आली की बावीस, म्हणजे फंडही.

दुसऱ्या फर्मचा सल्ला देणारे बरेच असतात, नोटीस आली की त्यांचा फोन लागत नाही. जागा एक, मशीन एक, मालक नवरा-बायको, वीजबिल एक, माणसं सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे. फंडाचा अधिकारी हेच बघतो आणि दोन्ही मिळून एकच आस्थापना धरतो. मग वसुली मागच्या तारखेपासून, वर साल १२ टक्के व्याज आणि दंड वेगळा. मागची माणसं सोडून गेलेली असतात. त्यांचा हिस्सा तुम्हाला त्यांच्या पगारातून कापता येत नाही, तोही तुमच्याच खिशातून जातो.

खर्चाला घाबरत असाल तर आकडा बघा. महिना १५,००० पगार असलेल्या माणसामागे फंडाचा मालकाचा हिस्सा १२ टक्के, १,८०० रुपये. त्याच्या आयुर्विम्याचे अर्धा टक्का ७५, प्रशासन खर्चाचे अर्धा टक्का ७५. ईएसआयचे सव्वातीन टक्के, ४८८. एकूण २,४३८. त्याच्या पगारातून फंडाचे १,८०० आणि ईएसआयचे ११३ जातात. नव्या ऑर्डरचं कोटेशन देताना माणसाचा भाव १५,००० धरलात की साडेसतरा हजार, एवढाच प्रश्न आहे. जे पंधरा धरून कोटेशन देतात ते पुढे कायद्यावर चिडतात. चूक कोटेशनमध्ये असते. मूळ पगार पाच हजार दाखवून बाकी भत्ते करायची युक्तीही आता चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सरसकट सगळ्यांना दिले जाणारे भत्ते फंडासाठी धरले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांत, वगळता येणारे भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत.

उलट रीतसर नोंदणी केल्याचा एक फायदा आज आहे. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात वाढवलेल्या नोकऱ्यांसाठी मालकाला दर माणशी महिना ३,००० पर्यंत प्रोत्साहन आहे, कारखान्यांना चार वर्षांपर्यंत. ते मिळतं फंडाच्या नोंदीवरून. लपवलेल्या माणसाचं कोण देणार?

‘माणसंच नको म्हणतात’ हे मी रोज ऐकते. पण नको म्हणायचा पर्याय त्यांना कायद्यानं ठेवलेला नाही, आणि त्यामागे कारण आहे. ते मी माझ्याच हातून घडलेल्या गोष्टीवरून सांगते.

१९९७ साल. वागळे इस्टेटमधल्या एका प्रेस शॉपमध्ये मी हिशेबाला होते. तीसेक कामगार, फंड-ईएसआय सगळं चालू. बार्शीकडचा एक मुलगा हेल्पर म्हणून लागला. त्याचा ईएसआयचा फॉर्म मी स्वतः भरला, निळ्या शाईनं. फोटो स्टेपल केला, वारस म्हणून आईचं नाव घातलं. शेठ म्हणाले, ‘आत्ताच नको पाठवू, दिवाळीपर्यंत टिकतोय का बघू.’ मी फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला. ड्रॉवरमध्ये असे आणखी तीन फॉर्म होते. चौथ्या महिन्यात पावर प्रेसवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्या दिवशी प्रेसवरचा ऑपरेटर आला नव्हता म्हणून त्याला उभं केलं होतं. शेठ वाईट नव्हते. खासगी दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं, पाच हजार रुपये हातात दिले, गावच्या गाडीत बसवून दिलं. सगळ्यांना वाटलं, माणुसकीनं वागलो.

पुढे काही वर्षांनी कायदा नीट शिकले तेव्हा मला कळलं, त्याला काय मिळायला हवं होतं. बरा होईपर्यंत पगाराचा मोठा भाग. आणि वैद्यकीय मंडळानं ठरवलेल्या अपंगत्वाच्या प्रमाणात दरमहा रक्कम, जन्मभर. नंबर काढलेला नव्हता तरी तो हक्क बुडत नव्हता. ईएसआय महामंडळ कामगाराला देऊन मालकाकडून वसूल करू शकतं. पण हे त्याला कोणी सांगितलं नाही, कारण सांगायचं काम माझं होतं आणि मलाच माहीत नव्हतं. तो आज पन्नाशीत असेल. त्याचा फॉर्म कितीतरी दिवस माझ्या ड्रॉवरमध्येच पडून होता, फोटोतला चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून माझ्याकडे कोणाही नव्या माणसाची नोंद पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आत होते. ‘टिकतोय का बघू’ हे शब्द माझ्या कचेरीत चालत नाहीत.

तुमच्याकडे शीट मेटल आहे, म्हणजे शिअरिंग, बेंडिंग, प्रेस. तिन्ही बोटं मागणारी मशिनं. म्हणून क्रम असा ठेवा, या आठवड्यात अठराही जणांची ईएसआय नोंदणी, ठेकेदाराच्या सहा जणांसकट. ठेकेदाराकडे स्वतःचा कोड असेल तर त्याच्या चलनाची नक्कल आणि सहाही नावांची यादी दर महिन्याला मागा, ती पाहिल्याशिवाय त्याचं बिल सोडू नका. त्यानं भरलं नाही तर जबाबदारी मूळ मालक म्हणून तुमच्यावरच येते. नवी चार माणसं घ्यायच्या आधी फंडाचा कोड काढा. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या, नव्या संहितांनी ते सक्तीचं केलंय. मागच्या काळाचं ईएसआय किती निघतं ते जाणकाराकडून काढून घेऊन आपण होऊन भरा. फंड आणि ईएसआय, दोन्ही चलनांची तारीख पुढच्या महिन्याची पंधरा. चौदाला रात्री पोर्टल अडकतं, म्हणून मी दहालाच भरते.

*

*वाशीला सेक्टर १७ मध्ये माझं बुटीक आहे. शिवणारे धरून बारा जण, ईएसआय आहे. विक्री सांभाळणारी मुलगी दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे, पगार साडेअठरा हजार. आता पाच महिन्यांची गरोदर आहे. सहा महिने घरी बसवून पगार द्यायला मी मोठी कंपनी नाही. ‘आत्ता राजीनामा दे, बाळ मोठं झालं की परत ये’ असं तिला प्रेमानं सांगितलं तर चालेल का? ती माझं ऐकेल.*

ती ऐकेल, म्हणूनच सांगू नका.

तुम्हाला वाटतंय साडेअठरा हजार गुणिले सहा, म्हणजे एक लाख अकरा हजार तुमच्या गल्ल्यातून जाणार. ताई, एक रुपयाही जाणार नाही. तिचं ईएसआय दोन वर्षं भरताय ना? मग २६ आठवड्यांच्या रजेचे पैसे ईएसआय महामंडळ थेट तिच्या खात्यात देतं, पूर्ण सरासरी पगाराच्या दरानं. आधीच्या दोन अंशदान कालावधींत, म्हणजे भरण्याच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन टप्प्यांत मिळून तिचे ७० दिवस भरलेले हवेत, ते तुमच्याकडे सहज असतील. तिचा ईएसआय नंबर आधारशी आणि बँक खात्याशी जोडलेला आहे का, नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे का, हे आज तपासा. माझ्याकडे येणाऱ्या अडकलेल्या दाव्यांत निम्मे नुसत्या नावापायी अडकलेले असतात. लग्नानंतरचं नाव एका जागी, माहेरचं दुसऱ्या जागी. वाशीत ईएसआयचं रुग्णालय आहे, तिथे तिचं नाव घालून तपासण्या सुरू करून घ्या.

म्हणजे तुम्ही महिन्याला तिच्यामागे ६०२ रुपये भरत होतात ते कशासाठी, हे आता दिसेल.

तिचा पगार २१,००० च्या वर असता आणि ती ईएसआयच्या बाहेर असती, तर मात्र रजेचा पगार तुम्हीच द्यायचा होता, कारण दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला मातृत्व लाभ लागू आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असलं की झालं. मध्येच पगारवाढ होऊन ती २१,००० ओलांडणार असेल तर घाबरून ईएसआय बंद करू नका. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन कालावधी असतात. सुरू असलेला कालावधी संपेपर्यंत भरणा चालूच राहतो.

राजीनाम्याचं. ती रजेवर असताना तिला काढता येत नाही, तिच्या नोकरीच्या अटी तिच्या तोट्यात बदलता येत नाहीत. आणि ‘समजुतीनं’ घेतलेला राजीनामा म्हणजे काय, हे उद्या विचारलं गेलं तर तारखाच बोलतात. पोट दिसायला लागल्यावरचा राजीनामा कोणाला स्वखुशीचा वाटेल? पण कायदा बाजूला ठेवा. तुमच्या गिऱ्हाइकांची मापं, कोणाला कुठला रंग चालतो, कोणाची उधारी कधी येते, हे दोन वर्षांत तिच्या डोक्यात साठलंय. ती सहा महिन्यांनी परत येईल तेव्हा ते सगळं घेऊन येईल.

सहा महिन्यांसाठी दुसरी मुलगी हवी असेल तर तिला ठरावीक मुदतीचं नेमणूकपत्र द्या, तारीख आणि कारण लिहून. जुनी परत आल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तिला दिवसातून दोनदा पाजायला जायची सवड द्यावी लागते. ती वाशीतच राहते की कोपरखैरण्याहून येते, ते बघून दोघी मिळून वेळ ठरवा.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. बारा जण म्हणजे २०१३ च्या कायद्याप्रमाणे तुमच्याकडे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष स्त्री, निम्म्या तरी स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. ट्रायल रूम असलेल्या दुकानात ही समिती नुसती कागदावर असू नये.

*

*हे सदर मालकांसाठी आहे, पण मी घणसोलीला राहतो आणि महापेला एका ऑफिसात नोकरी करतो. पगाराच्या चिठ्ठीत दरमहा फंडाचे १,८०० कापलेले दिसतात. मोबाइलवर पासबुक बघितलं तर सात महिने एकही नोंद नाही. विचारलं की ‘सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे’ म्हणतात. काय करू?*

बरं झालं विचारलंत. हे मालकांनीही वाचावं म्हणूनच इथे घेतलं.

पासबुकात एक महिना उशिरानं नोंद दिसणं नेहमीचं आहे. सात महिने सर्व्हर बंद राहत नाही. नोंद कशी दिसायला हवी ते सांगते. प्रत्येक महिन्यासमोर तीन रकमा असतात. तुमचा हिस्सा १,८००, मालकाच्या हिश्शातून फंडात ५५० आणि पेन्शन खात्यात १,२५०. मालकाचे १,८०० असे दोन ठिकाणी वाटले जातात, म्हणून ५५० बघून ‘कंपनीनं कमी भरले’ असं समजू नका. तुमच्याकडे तिन्ही कोरे आहेत, म्हणजे तुमच्या खिशातले १२,६०० आणि तेवढेच मालकाचे अडकलेत.

सातही महिन्यांच्या चिठ्ठ्या आणि बँकेत आलेल्या पगाराची नोंद एकत्र ठेवा. कंपनीला ईमेलनं, शांत भाषेत विचारा की अमुक महिन्यांची चलनं कधी भरली. पंधरा दिवसांत नीट उत्तर नाही आलं तर फंडाच्या तक्रार पोर्टलवर तुमचा युएएन, म्हणजे फंडाचा कायमचा खाते क्रमांक, टाकून तक्रार करा. शिवाय ‘निधी आपके निकट’ म्हणून दर महिन्याच्या २७ तारखेला फंड कार्यालयाची माणसं जिल्ह्यात एका ठिकाणी बसतात, तिथे कागद घेऊन समक्ष जा. समोर बसून दिलेल्या अर्जाचा उपयोग मी पाहिला आहे. ऑफिसात आणखी कोणाचे अडकले असतील तर सोबत जा, एकटं वाटत नाही.

आणि मालकमंडळींनो, धंद्यात पैसा फिरत नाही, गिऱ्हाईक नव्वद दिवस बिल देत नाही, हे मला ठाऊक आहे. मी तुमचीच चलनं भरते. पण स्वतःचा हिस्सा उशिरा भरणं ही थकबाकी आहे. कामगाराच्या पगारातून कापून घेतलेले पैसे न भरणं हा कायद्यानं विश्वासघाताचा गुन्हा आहे, दंडाबरोबर पोलीस केसही होऊ शकते. तो पैसा तुमच्याकडे पगाराच्या तारखेपासून चलनाच्या तारखेपर्यंत ठेव म्हणून आहे. तो वापरून जीएसटी भरायचा नाही, कच्चा माल आणायचा नाही. अगदीच ओढ असेल तर आधी फंड भरा आणि माझ्यासारख्यांची फी थांबवा. आम्ही महिनाभर थांबू शकतो.

*

*ऐरोलीला माझं फिजिओथेरपीचं सेंटर आहे. रिसेप्शनला ठेवलेली आधीची मुलगी दीड महिन्यात न सांगता सोडून गेली. म्हणून या वेळी दोन नव्या मुली घेताना त्यांचे बारावीचे आणि पदवीचे मूळ कागद माझ्याकडे ठेवून घेतलेत. पुष्कळ ठिकाणी असंच करतात. एक वर्ष झाल्यावर परत देईन. हे बरोबर आहे ना?*

नाही. पुष्कळ ठिकाणी करतात म्हणून ते बरोबर ठरत नाही. ते कागद त्यांच्या मालकीचे आहेत. तुम्ही बघायचे, नक्कल घ्यायची, नकलेवर ‘मूळ पाहून तपासली’ असं लिहून सही करायची आणि मूळ त्यांच्या हातात द्यायचे.

तुमची अडचण मला कळते, शिकवलेली मुलगी एका सकाळी येत नाही आणि बाहेर दहा पेशंट बसलेले असतात. त्यावर उपाय नेमणूकपत्रात आहे. दोन्हीकडून एक महिन्याची सूचना, सूचना न देता गेल्यास काय, हे आधी लिहून, वाचून दाखवून सही घ्या. पगार कधी वाढेल तेही त्याच पत्रात लिहा, कारण रिसेप्शनची मुलगी बहुतेक वेळा दीड-दोन हजारांसाठी शेजारच्या क्लिनिकमध्ये जाते आणि ते तुम्हाला सांगायला तिला संकोच वाटतो. जाणारीचा राहिलेला हिशेबही अडकवून ठेवू नका, नव्या वेतन संहितेप्रमाणे तो कामाच्या दोन दिवसांत द्यायचा आहे.

दोघींपैकी एकीनं तरी आतापर्यंत कुठे बँकेच्या, रेल्वेच्या परीक्षेचा अर्ज भरला असेल आणि पडताळणीला मूळ कागद लागले तर काय सांगू, या काळजीत ती असेल. आज सेंटर बंद करायच्या आधी ड्रॉवर उघडा आणि दोघींचे कागद त्यांना द्या.